दादा, आता माझा चान्स!

सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय सदतीस. बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाचं काम करतात. घरी नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. माहेर सांगलीतल्याच गावभागात. २००६ च्या दिवाळीत त्यांच्या थोरल्या भावाने मित्राकडून प्लेस्टेशन २ हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र घेतलं. पुढची दोन वर्षं या त्याच्या शेजारी बसून होत्या. कंट्रोलर हातात यायचा तो दादा चहाला उठला की, आणि तोही ‘धर, पण काही दाबू नकोस’ या अटीवर. त्यांच्याकडे काम होतं वहीतले चीट कोड, म्हणजे खेळात फुकट ताकद किंवा पैसे मिळवून देणारे बटणांचे क्रम, मोठ्याने वाचायचं. कोड या वाचायच्या, बटणं दादा दाबायचा. पुढे दादा पुण्याला गेला, यांचं लग्न झालं. यंत्र बरीच वर्षं माळ्यावर सुखरूप होतं. २०१९ मध्ये माळा झाडायला म्हणून ते खाली काढलं आणि त्याच ऑगस्टात पूर आला.

आता त्यांना भिशी लागली आहे, वीस हजारांची. त्यातून तसंच जुनं यंत्र घ्यावं असं मनात आहे. एका दुकानदाराने प्लेस्टेशन २ साडेचार हजारांना सांगितलं, प्लेस्टेशन ३ दहा हजारांना. मुलगा म्हणतो, ‘आई, आउटडेटेड आहे ते.’ सासूबाई म्हणतात, ‘या वयात पोरखेळ?’ नवरा काहीच म्हणत नाही, नुसता हसतो. ताईंचे प्रश्न असे: एवढं जुनं यंत्र घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे का? वीस वर्षं मागे राहिलेल्या माणसाने सुरुवात कुठून करायची? त्यांनी एक्सेलमध्ये ६४ गेम्सची यादी केली आहे, वर्षांनुसार लावून. आणि शेवटचा प्रश्न, दादाला सांगू का?

ताई,

उत्तराआधी एक कबुली देतो. या प्रकरणात मी तुमच्या दादाच्या गोटातला माणूस आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्ही गेम होता. पिवळ्या कॅसेटचा, मूळ जपानी यंत्राची नक्कल असलेला, तेव्हा गावोगावी मिळायचा तसला. त्यावर मी आणि माझी धाकटी बहीण ‘काँट्रा’ खेळायचो. त्यात तिसऱ्या टप्प्यावर एक धबधबा आहे. दोघांनी कातळांवरून उड्या मारत वर चढायचं. पडदा फक्त वर सरकतो, परत खाली येत नाही. त्यामुळे एकजण भराभर चढला की त्याच्यासोबत पडदा वर जातो आणि जो खाली राहिला तो मरतो. गोळी लागत नाही, कुणी मारत नाही, नुसता खाली राहिला म्हणून मरतो. मी सुसाट चढायचो. ती मरायची. आणि वर मीच तिला म्हणायचो, ‘तुला खेळताच येत नाही.’

तुमच्या पत्रात ‘मी मागे राहिले’ हे शब्द तीन वेळा आलेत. तिन्ही वेळा मला तो धबधबा आठवला.

मागे राहिलात, पण कुणाच्या? प्लेस्टेशन २ जपानमध्ये मार्च २००० मध्ये आलं. २०१३ उजाडेपर्यंत त्याचं उत्पादन थांबलं होतं. तेवढ्या काळात जगभर पंधरा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली आणि त्यासाठी साडेतीन हजारांहून जास्त गेम्स निघाले. आता त्यात भर पडणार नाही. नवा भाग येणार नाही, अपडेट येणार नाही, ‘आणखी हिरे घ्या’ म्हणून पैसे मागणारी खिडकी उघडणार नाही. त्या यंत्राचा पडदा सरकायचा थांबलाय. तुम्ही आज चढा नाहीतर पुढच्या दिवाळीला, खाली पडायची भीती संपली आहे. तुमच्या मुलाच्या मोबाइलवरच्या गेमबद्दल असं म्हणता येणार नाही. त्याने दोन आठवडे हात लावला नाही तर तो खरोखर मागे पडतो, कारण ते खेळ तसेच रचलेले असतात.

आता तुमची ती यादी. तुम्ही हिशेब बघता, म्हणून हिशेबानेच बोलू. ६४ गेम्स. सरासरी पंधरा तास धरा, काही आठ तासांचे असतील, काही पन्नासचे. झाले ९६० तास. तुम्हीच लिहिलंय की रात्री साडेनऊनंतरचा वेळ तुमचा, तोही रोज नाही. आठवड्याला चार तास धरले तर वर्षाला जेमतेम दोनशे. म्हणजे यादी संपायला जवळजवळ पाच वर्षं, मध्ये कुणाचं लग्नकार्य, कुणाची दहावी, मार्चअखेर असं काही न येता. आणि शेवटच्या रकान्यात तुम्ही ‘पूर्ण झाल्याची तारीख’ ठेवलीय! ताई, ही खेळाची यादी नाही, वसुलीची यादी आहे. जिथे खेळायला बसायचं तिथे थकबाकीदार म्हणून कशाला बसता? यादीतून तीन नावं निवडा, बाकीची फाइल बंद करा. पुसून टाका म्हणत नाही, पण डेस्कटॉपवरून हलवा.

‘आउटडेटेड’ या शब्दाबद्दल. मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि कुठलं निम्मं ते समजून घेतलंत तर पैसे वाचतील. मिरजेत सतारमेकर गल्लीत कुणी जुना तंबोरा घेऊन गेला तर त्याला कारागीर आउटडेटेड म्हणणार नाही, उलट भोपळा वाजवून बघेल आणि मान डोलावेल. पण प्लेस्टेशन तंबोरा नाही. लाकूड मुरतं, लेझरची लेन्स मुरत नाही, ती थकते. पंखा धूळ खातो, कंट्रोलरचं रबर झिजतं, आतलं उष्णता वाहून नेणारं पेस्ट वाळून जातं. यंत्र म्हाताराच आहे. खेळ मात्र म्हातारा झालेला नाही. २००५ सालचा चांगला गेम २००५ साली जेवढा चांगला होता तेवढाच आजही आहे, चित्र थोडं धूसर दिसेल इतकंच. म्हणून स्वतःला आधी विचारा: मला ते यंत्र हवंय की त्यावरचे खेळ? दोन्हींची उत्तरं वेगळ्या दुकानात मिळतात.

नुसते खेळच हवे असतील (तुमच्यासारखी पत्रं मला आणखीही आली आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना तेच हवं असतं) तर प्लेस्टेशन २ च्या नादी लागायचं कारण नाही. त्या काळातले नावाजलेले गेम पुढच्या यंत्रांसाठी घासूनपुसून परत काढले गेलेत. ‘इको’ आणि ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हे दोन्ही एकत्र २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी आले. ‘गॉड ऑफ वॉर’चे पहिले दोन भाग २००९ मध्ये एका डिस्कवर आले. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ तर २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी पुन्हा नव्याने बनवला. या यंत्रांना एचडीएमआय असते, हॉलमधल्या टीव्हीला सरळ जोडता येतात, कंट्रोलर बिनवायरचा. घरात बरा लॅपटॉप असेल तर ‘पीसीएसएक्स२’ नावाचा मोफत प्रोग्रामही आहे, तो संगणकावर प्लेस्टेशन २ ची नक्कल करतो. मात्र त्याला लागणारी बायोस फाइल, म्हणजे यंत्र सुरू करणारा आतला मूळ प्रोग्राम, नियमाने स्वतःच्या यंत्रातून काढलेली हवी आणि गेमची डिस्कही स्वतःची हवी.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. ‘तीन नंबर घ्या, त्यात दोन नंबरचं सगळं चालतं’ हे वाक्य ऐकलंत तर तिथेच डिस्क घालून दाखवायला सांगा. प्लेस्टेशन ३ ची फक्त सुरुवातीची काही मॉडेल्स प्लेस्टेशन २ च्या डिस्क चालवतात. नंतरची, म्हणजे बाजारात बहुतेक मिळतात ती, चालवत नाहीत. आणि प्लेस्टेशन ४ मध्ये २ किंवा ३ यांपैकी कुणाचीच डिस्क चालत नाही. जुन्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांवरही भिस्त ठेवू नका. निन्टेंडोने ‘थ्रीडीएस’ आणि ‘वी यू’ची दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली, मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ३६०’चं जुलै २०२४ मध्ये. कपाटातली डिस्क कुणी बंद करत नाही.

तुम्हाला मात्र मी प्लेस्टेशन २ च घ्या म्हणेन. तुमच्या चार पानी पत्रात ग्राफिक्सचा शब्द मुलाच्या तोंडी सोडला तर कुठेही नाही. यादीवर दोन ओळी आहेत. आणि त्या खोलीवर, कंट्रोलरच्या वायरीवर, खेळ साठवायचं मेमरी कार्ड खाचेत बसताना येणाऱ्या आवाजावर, कोडच्या वहीवर दीड पान आहे. ‘आर-वन, आर-टू, एल-वन, क्रॉस’ आणि पुढे डावी-खाली-उजवी-वर दोनदा. ‘सॅन अँड्रियास’ या गेममध्ये एवढं दाबलं की तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर एकदम मिळायचे. हे तुम्ही वही न बघता लिहिलंय, आणि मी तपासलं, एकही बटण चुकलेलं नाही. ज्या बाईला रामरक्षेसारखा हा कोड पाठ आहे तिला दहा हजारांचं दुसरंच यंत्र घ्या कसं सांगू?

शिवाय व्यवहाराचंही एक कारण आहे. प्लेस्टेशन २ ची लेन्स गेली तर सीडी-डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर ती बदलून देऊ शकतो. प्लेस्टेशन ३ चा बोर्ड गेला तर सांगली-मिरजेत त्याला हात लावणारा माणूस शोधण्यातच महिना जाईल. साध्या यंत्राचं आयुष्य दुरुस्त करणाऱ्याच्या हातात असतं.

घेताना मात्र भावनेवर जाऊ नका. तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बॉक्स फोडून मूठभर बेदाणा हातावर घेतल्याशिवाय कुणी भाव बोलतं का? तसंच इथे. दुकानात अर्धा तास मागून घ्या. यंत्र सुरू ठेवून गेम चालू राहू दे. पहिली पाच मिनिटं सगळीच यंत्रं शहाण्यासारखी वागतात, गरम झाल्यावर खरं काय ते कळतं. डिस्क दोन प्रकारच्या लावून बघा. प्लेस्टेशन २ चे सुरुवातीचे बरेच गेम सीडीवर आले, त्यांची खालची बाजू निळसर असते, बाकीचे डीव्हीडीवर, चंदेरी. दोन्ही वाचायला आत वेगवेगळा लेझर असतो, त्यामुळे एक चालतो म्हणून दुसरा चालेल असं नाही. दुकानदाराकडे निळी डिस्क नसेल तर घरातली गाण्यांची जुनी सीडी पर्समध्ये टाकून न्या.

जाड आणि बारीक अशी दोन रूपं मिळतात. बारीक २००४ पासूनचं. तुम्ही बारीकच घ्या, जागा कमी खातं, आवाज कमी करतं. मात्र त्यातल्या बऱ्याच मॉडेल्सना वेगळा अडॅप्टर लागतो, तो मूळचा आहे का बघा. कुणी परदेशातून आलेलं यंत्र देत असेल तर मागची पट्टी वाचा. अमेरिका-जपानच्या यंत्रांवर १०० किंवा १२० व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो आणि आपल्या भिंतीत २३० असतात. शिवाय डिस्कना प्रदेशाचं कुलूप असतं, तिकडच्या यंत्रात इकडची डिस्क चालायची नाही.

आणि सांगलीत जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू घेताना इतर गावांपेक्षा एक तपासणी जास्त करावी लागते. हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ आणि २०२१, दोन पुरांत भिजलेल्या किती वस्तू वाळवून, पुसून परत बाजारात फिरल्या असतील कुणास ठाऊक. मागचे स्क्रू गंजलेत का बघा. हवेच्या फटींमध्ये बॅटरीचा उजेड टाका, आत मातीची बारीक साय दिसते का पाहा. नाक जवळ न्या. पुराचा वास गावभागातल्या माणसाला ओळखायला शिकवावा लागत नाही.

यंत्र दर वेळी तारीख-वेळ विचारत असेल तर घाबरू नका. आत एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तो संपलाय एवढंच. भाव पाडायला मात्र हे कारण उत्तम. मेमरी कार्ड ‘६४ एमबी’, ‘१२८ एमबी’ असं लिहिलेलं भारी वाटतं, पण मूळ कंपनीचं कार्ड आठ एमबीचं असतं आणि तेच घ्यावं. नकली कार्डं चाळीस तासांचा खेळ एका रात्रीत गिळून बसतात. ‘चिप मारलेलं’ यंत्र, म्हणजे कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून आत चिप बसवलेलं, हमखास समोर येईल, सोबत कॉपी केलेल्या पन्नास डिस्क ‘फ्री’. कॉपी ती कॉपीच, कायद्याच्या दृष्टीनेही आणि लेन्सच्या दृष्टीनेही. पन्नास फुकट डिस्कपेक्षा तीन मूळ डिस्क घ्या. तीनच निवडायच्या असं आपलं ठरलंच आहे.

टीव्हीचा प्रश्न सगळ्यात शेवटी लक्षात येतो आणि सगळ्यात आधी नडतो. या यंत्रातून पिवळी-पांढरी-लाल अशी वायर येते. नव्या टीव्हीला ती भोकं असतील असं नाही. नसतील तर एचडीएमआयमध्ये बदलणारी छोटी डबी मिळते. ती लावल्यावर बटण दाबणं आणि पडद्यावर उडी मारणं यांत किंचित अंतर पडू शकतं, म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर सुरू करा. पण खरी मजा जुन्या डब्बा टीव्हीवर. हे यंत्र त्याच पडद्यासाठी बनलेलं आहे. मोठ्या टीव्हीवर जे चित्र धुरकट दिसतं ते डब्ब्यावर नीट बसतं. आतल्या खोलीत तो ठेवलात तर हॉलमधल्या मालिकांशी सामनाही टळेल. कुणाच्या तरी माळ्यावर असेल, विचारून बघा. फुकट देतील, वर नेल्याबद्दल आभार मानतील.

एकूण खर्च असा धरा: यंत्र, एक चांगला कंट्रोलर, कार्ड, तीन डिस्क, वायर. आठ हजारांच्या आत बसवा. दोन हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, ते लागणारच आहेत. उरलेले दहा तुमचे तुम्ही ठरवा, तो माझा विषय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे यंत्र कुठलंही घेतलंत तरी तुम्हाला कुणी सांगणार नाही. पहिले दोन आठवडे तुम्हाला अजिबात जमणार नाही.

डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याने मान वळवून बघायचं, आणि हे एकाच वेळी. बघणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तुम्ही दोन वर्षं खेळ बघितलात, हातांनी काहीच केलेलं नाही. तुमच्या डोळ्यांना सगळं येतं आणि हातांना काहीच येत नाही, यासारखी चिडचिड दुसरी नाही. तुम्ही भिंतीला नाक लावून उभ्या राहाल, आकाश बघत चालाल, कड्यावरून पडाल. तेव्हा मनात येईल, दादा म्हणायचा ते खरंच होतं. ते खरं नाही. दादाच्या अंगठ्यांनी शेकडो तास सराव केला होता आणि तुमच्या अंगठ्यांनी वही धरली होती. स्कूटी शिकताना पहिल्या दिवशी कुणी कुपवाड रोडला जात नाही. कॉलनीत गोल गोल फिरा.

म्हणून सुरुवात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’पासून करा. २००३ चा आहे. त्यात नायकाकडे एक खंजीर असतो, तो वापरून वेळ काही क्षण मागे नेता येतो. कड्यावरून पडलात, बटण दाबलंत, परत कड्यावर. शिकणाऱ्याला इतका समजूतदार गेम मला दुसरा माहीत नाही. कुणी ओरडत नाही, पहिल्यापासून करायला लावत नाही. आमच्या वेळी हा असता तर माझी बहीण… असो.

दुसरा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’. यात सोळा महाकाय प्राणी आहेत आणि त्यांच्याखेरीज लढायला दुसरं कुणीच नाही. किरकोळ शत्रू नाहीत, गर्दी नाही. ओसाड मुलूख, एक तरुण, त्याचा घोडा. एका बैठकीला एक कोलोसस. सोळा सोमवार करतात तसे तुम्ही सोळा शनिवार करा, चार महिन्यांत उद्यापन. यातला एकेक महाकाय पडतो तेव्हा जिंकल्यासारखं वाटत नाही, पोटात कालवतं. का, ते सांगत नाही.

तिसरा ‘सॅन अँड्रियास’, अर्थात. त्याशिवाय हे सगळं कशासाठी? पण हा गेम प्रौढांसाठी आहे, शिव्या, रक्त, सगळं आहे. तेव्हा मुलगा झोपल्यावर. २००६ मध्ये तुमच्या आईबाबांना पडद्यावर काय चाललंय ते कळलं असतं तर यंत्र त्याच दिवशी कृष्णेत गेलं असतं, पुराची वाट बघावी लागली नसती.

एक पर्याय हाताशी ठेवा. रात्री साडेनऊला बसलात आणि दहा मिनिटांत कुणीतरी हाक मारणार असेल, तर ‘फायनल फँटसी टेन’सारखा आलटून-पालटून डाव टाकायचा गेम बरा पडतो. बुद्धिबळासारखा तो तुमच्या चालीसाठी थांबून राहतो. दूध उतू गेलं ते बघून या, राक्षस जागेवरच असतो. फक्त हा लांबलचक आहे, चाळीस तास सहज खातो.

आता घरातली माणसं.

मुलगा दोन दिवस नाक मुरडेल. तिसऱ्या दिवशी मागे येऊन उभा राहील. चौथ्या दिवशी तुम्ही चौथ्यांदा कड्यावरून पडल्यावर हात पुढे करून म्हणेल, ‘दे आई, मी करून दाखवतो.’ ताई, तो कंट्रोलर देऊ नका. मुलगा वाईट म्हणून नाही. तो मदतच करतोय. तुमचा दादाही स्वतःच्या मते मदतच करत होता आणि मीसुद्धा. घरात नियम करा: तोंडाने सांगायचं, हाताने घ्यायचं नाही. ‘उजवीकडे बघ’, ‘आता उडी’, ‘थांब, वर कडा आहे’, एवढं बोलायला त्याला पूर्ण मोकळीक. हवं तर त्याच्या हातात एक वही द्या. आणि त्याची पाळी आली की तुम्हीही तोच नियम पाळा, हे जास्त अवघड जाईल. खेळ शिकवण्याचा हा एकच मार्ग मला ठाऊक आहे आणि तो मला चाळिशीनंतर सापडला.

सासूबाईंना पटवून द्यायला जाऊ नका. ‘पोरखेळ’ म्हणाल्या तर ‘हो’ म्हणा. पोरखेळच आहे. तुमच्या वाटणीचा राहून गेला होता, तो आता खेळताय. वाद तिथेच संपतो, कारण त्यांनी जे म्हटलं तेच तुम्ही मान्य केलंत. सहज सांगतो, २००९ मध्ये खास भारतासाठी प्लेस्टेशन २ वर ‘देसी अड्डा’ नावाचा गेम निघाला होता, त्यात कबड्डी आहे, पतंगबाजी आहे. कुठे डिस्क दिसली तर उचला. सासूबाई पतंग काटताना बघायला मिळाल्या तर मला नक्की कळवा.

नवऱ्याच्या हसण्याचं काय करायचं विचारलंत. मला त्या हसण्यापेक्षा तुमच्या एका वाक्याने थांबवलं: ‘त्यांना विचारून मग घेईन.’ भिशीचे हप्ते तुम्ही तुमच्या पगारातून भरलेत. विचारणं आणि सांगणं यांत फरक असतो, आणि संसारात दोन्हींची जागा असते. घर घ्यायचं, मुलाची शाळा बदलायची, तिथे विचारायचं. साडेचार हजारांचं खेळणं स्वतःच्या पैशांनी घ्यायचं, तिथे सांगायचं. जेवताना, वाढता वाढता, ‘शनिवारी प्लेस्टेशन आणणार आहे, आतल्या खोलीत एक प्लग पॉइंट रिकामा करून द्या.’ हसणाऱ्या माणसाला काम दिलं की तो हसतो कमी, स्क्रू-ड्रायव्हर शोधतो जास्त. ते हसणं कुत्सित असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. मला वाटतं, ते जरा गोंधळलेत. बायकोला काय हवंय हे त्यांना पहिल्यांदाच एवढं नेमकं कळलंय.

राहिला दादा.

सांगा. पण घ्यायच्या आधी नाही. आधी सांगितलंत तर तो पुण्याहून यंत्र निवडेल, मॉडेल ठरवेल, कदाचित पैसेही देईल, आणि दिवाळीला आला की कंट्रोलर हातात घेऊन बसेल. प्रेमानेच करेल हे सगळं. आधी तुम्ही घ्या, जोडा, प्रिन्सला शंभर वेळा कड्यावरून पाडा. दोन महिन्यांनी फोन करा. मी माझ्या बहिणीला धबधब्याबद्दल गेल्या वर्षी विचारलं, फोनवरच. तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं. ती म्हणाली, ‘मला वाटायचं खालची फळी तुटते म्हणून मी मरते.’ तीस वर्षं तिला वाटत होतं की फळी तुटते. पडदा मी ओढतोय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मलाही तेव्हा कुठे नीट कळत होतं? तुमच्या दादालाही बहुधा काही कळलेलं नाही. त्याच्याकडून माफीबिफीची अपेक्षा ठेवू नका, तुमचा किस्सा ऐकून तो आधी हसेल. हसू दे.

त्याच्याकडचं ते मेमरी कार्ड मात्र मागून घ्या. पुरातून वाचलेली तेवढी एकच वस्तू आहे, कंपास पेटीत राहिली म्हणून. त्या कार्डात सेल नसतो, वीज नसली तरी साठवलेलं टिकतं, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचे त्याचे खेळ आत जसेच्या तसे असण्याची बरीच शक्यता आहे. यंत्राला दोन खाचा असतात. पहिलीत तुमचं नवं कार्ड घाला, आणि दादाचं दुसरीत राहू दे.